आत वळलेले हात

एकोणीस दिवस आम्ही पाणी नांगरत होतो,
तासाला तास लावून, टोकाशी वळून पुन्हा,
फायाल बेटाच्या नैर्ऋत्येला, जिथे नकाशात
नुसता निळा रंग भरून
माणसांनी हात झटकले आहेत.

खाली, सहा किलोमीटर दोराच्या टोकाशी, आमचं यंत्र.
सोनार म्हणतात त्याला.
सोनं नाही पारखत, आवाज पारखतं.
पाठवलेला आवाज किती उशिरा येतो,
किती झिजून येतो,
पडद्यासमोर बसून एवढंच बघायचं.
चिखल मऊ बोलतो. खडक उद्धट.
लोखंड मात्र
हाक मारल्यासारखं चटकन ओ देतं.

विसाव्या रात्री, तीन वाजून दहा मिनिटांनी,
आधी कोळसा दिसला.
सांडत सांडत गेलेला, कुणी फाटकं पोतं
पाठीवरून नेल्यासारखा.
त्या काळ्या वाटेने गेलो
आणि वाट संपली तिथे
सांता कितेरिया.

तांडेल औरेलियानो ओरडला नाही.
त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.
स्वयंपाकी अंगात बनियनवर धावत आला
आणि उगाच सगळ्यांना कॉफी देत सुटला.

टपालाची बोट होती ती.
कॅमेरा खाली सोडला तेव्हा दिसल्या
शिशाच्या मोहोरा, शेकड्यांनी,
डाळ सांडावी तशा.
गोण्या कुजल्या, कागद विरघळला,
कुणाचं लग्न, कुणाचं कर्ज, कुणाची लटकी ख्यालीखुशाली,
सगळं पाणी पिऊन बसलं.
मोहोर तेवढी शाबूत: हे पत्र कुणीही उघडलेलं नाही.

पण मी शोधत होते दुसरंच.
पिकोच्या शाळेत आम्ही पोरं
खेळातून पळणाऱ्याला म्हणायचो, ‘ब्रूम झाला!’
झेफेरिनो ब्रूम, या बोटीचा कप्तान.
एकशे बारा माणसं मागे टाकून
एकटा होडीत बसला म्हणे,
ब्राझीलला गेला, नाव बदललं, दुकान थाटलं.
शंभर वर्षं हेच. हसत हसत, वाइन ओतता ओतता.

होड्या लाकडाच्या. त्या किड्यांनी कधीच फस्त केल्या.
राहिले त्यांना पेलणारे लोखंडी हात.
होडी पाण्यात सोडायची तर आधी
हे हात बाहेर वळवावे लागतात.
मी मोजले. डावीकडे चार. उजवीकडे चार.
पुन्हा मोजले.
आठही आत वळलेले,
थंडी वाजल्यावर आपण छातीशी घेतो तसे.
कुणीच गेलं नव्हतं. कुठेच.

कान सोनारानेच टोचावेत.
सकाळी मीच फोन लावला,
इदालिना ब्रूमला. नात. वय एक्याण्णव.
उपग्रहावरून बोलणं म्हणजे
प्रत्येक वाक्याला उतारावर सोडून वाट बघणं.
मी सांगितलं: आजोबा पळाले नव्हते.
मला वाटलं रडेल. किंवा देवाचं नाव घेईल.
मागे कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या.
मग तिने विचारलं, किती खोल?
म्हटलं, पिकोवर पिको रचला
तरी वरचं शिखर ओलंच राहील, एवढं.

पुन्हा कोंबड्या.
मग तिचा आवाज आला, उशिरा, झिजून:
‘पळाला होता तोवर जिवंत होता गं.
आजी दर हिवाळ्यात त्याच्यासाठी
लोकरीचे मोजे विणायची.
ब्राझीलला थंडी नसते
हे तिला कुणी सांगितलंच नाही.
लोक थुंकायचे आमच्या दारावर,
ती पुसायची आणि विणायला बसायची.
आज तुम्ही बुडवलात त्याला.’

मी म्हटलं, माफ करा.
ती म्हणाली, ‘नाही, बरं झालं.’
आणि थोड्या वेळाने, ‘पेटी भरली आहे मोज्यांची.
तुमच्या बोटीवर किती माणसं?’

मी सांगितलं, एकवीस.

नोंदवहीत अक्षांश लिहिले, रेखांश लिहिले, खोली लिहिली.
शेरा या रकान्यावर पेन टेकवून
बराच वेळ बसले.
यंत्र वर यायला चार तास लागतात.